मालगाडीचे मॉडेल डबे खेळण्यासारखे दिसतात, खऱ्यासारखे कसे करायचे? एअरब्रश घ्यावाच लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एचओ स्केलचे (म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाचे) दोन डबे घेतलेत, एक ५० फुटी बॉक्सकार (बंद पेटीसारखा डबा) आणि एक झाकणवाला हॉपर (सुटा माल वरून भरायचा डबा), दोन्ही चकचकीत प्लास्टिक, रुळावर ठेवले की खेळण्यातले वाटतात, मग रंगवायला सुरुवात कुठून करू आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं छोटं यंत्र) नसेल तर चालेल का.

आधी दुसऱ्याचं उत्तर, चालेल. मी पहिले दहाबारा डबे ब्रश, स्पंज, पेस्टल खडूची भुकटी आणि मॅट वार्निशचा एक स्प्रे कॅन एवढ्यावरच केलेत आणि त्यातले दोनतीन अजून माझ्या आवडत्यांपैकी आहेत. एअरब्रश लागतो तो डबा पहिल्यापासून नव्या रंगात रंगवायचा असेल तेव्हा, कंपनीने रंगवलेला डबा नुसता मळवायला नाही.

आता पहिला प्रश्न. सगळे जण सुरुवात डब्याच्या अंगापासून करतात आणि तिथेच चुकतात, मी पण चुकलो. पहिल्या बॉक्सकारला मी हौसेने चारी बाजूंनी गंज फासला, एकसारखा, वरपासून खालपर्यंत, आणि तो डबा जुना दिसायच्या ऐवजी चॉकलेटात बुडवून काढल्यासारखा दिसायला लागला. गंमत म्हणजे खाली चाकं तशीच चकाकत होती. तेव्हा कळलं की खेळणेपणा निम्मा तर खालीच असतो, चमकणारी चाकं, काळ्या प्लास्टिकचे ट्रक (आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो पण खरी बोगी म्हणजे हाच खालचा चाकांचा सांगाडा) आणि जाडजूड कपलर (डबे जोडायचा आकडा). म्हणून डब्याला हात लावायच्या आधी चाकं रंगवा. एक संध्याकाळ लागते आणि फरक लगेच दिसतो.

चाकाचा फक्त दर्शनी भाग आणि आतली बाजू रंगवायची. रुळावर टेकतो तो भाग आणि आसाची टोकं कोरी ठेवायची, नाहीतर डबा अडखळत चालतो. रंग कुठला ते डब्याच्या काळावर ठरतं. जुन्या ट्रकमध्ये बेअरिंग तेलावर चालायचं, ते तेल गळून चाकावर यायचं आणि त्याला धूळ चिकटायची, त्यामुळे तिथे काळपट ओशट रंग हवा. नंतर रोलर बेअरिंग आलं, त्यातून तेल बाहेर येत नाही, तिथे चाक कोरडं, गंजकट तपकिरी दिसतं. ट्रकच्या बाजूंना मातकट राखाडी मारा, निव्वळ काळा नको, कारण खऱ्या गाडीखाली इतका काळा रंग तुम्हाला शोधून सापडणार नाही. प्लास्टिकची चाकं असतील तर धातूची बसवून घ्या, ३३ इंची की ३६ इंची (हे माप खऱ्या चाकाचं) ते डब्याच्या वजनक्षमतेप्रमाणे, ७० टनी डब्याला सहसा ३३ आणि १०० टनीला ३६.

ट्रक काढलेच आहेत तर वजन पण बघून घ्या. एनएमआरएची (अमेरिकेतली मॉडेल रेल्वे हौशींची संघटना) शिफारस एचओसाठी १ औंस अधिक मॉडेल डब्याच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस अशी आहे, म्हणजे ६ इंची डबा ४ औंसाचा, साधारण ११३ ग्रॅम. कमी भरलं तर आत वजन चिकटवा, पण रंगवण्याआधी, नंतर छप्पर उचकटायला गेलात की रंगाचे टवके उडालेच म्हणून समजा.

आता डिटेलिंग. यात पैशापेक्षा संयम जास्त लागतो. स्वस्त डब्यांवर चढायच्या दांड्या प्लास्टिकमध्येच उठवलेल्या असतात, दांडी न वाटता भिंतीवर आलेला वळ वाटतात. खरी दांडी पाऊण इंच जाडीची, १:८७ मध्ये ती पाव मिलिमीटरच्या पण आत येते. या उठवलेल्या दांड्या धारदार पात्याने हळूहळू तासून काढायच्या, ०.३५ मिलिमीटरचं भोक हातड्रिलने पाडायचं आणि ०.३ मिलिमीटरची फॉस्फर ब्रॉन्झची तार वाकवून बसवायची. तार पृष्ठभागापासून थोडी सुटी राहिली पाहिजे म्हणून मी मागे जाड कागदाची पट्टी सरकवतो, आतून सुपरग्लूचा ठिपका देतो आणि वाळल्यावर पट्टी ओढून घेतो. पहिल्या दिवशी चार ड्रिल बिट मोडतील, मोडू द्या, आणि तार कापताना चष्मा घाला कारण तो तुकडा उडतो तो बरोबर डोळ्याकडेच उडतो. मी प्रत्येक डब्याला हे करत नाही हेही सांगून टाकतो, चाळीस डब्यांच्या गाडीत मधल्या डब्याची दांडी कोणी बघत नाही. पुढे उभे राहणारे दोनचार डबे नीट करा, बाकीच्यांना नुसता रंग पुरतो.

डिटेल लावताना काळ मात्र सांभाळा. अमेरिकन डबे आहेत म्हणून सांगतो, तिकडे १९६६ पासून नव्या बॉक्सकारच्या छतावरची चालायची फळी बंद झाली आणि जुन्यांवरची हळूहळू काढली गेली, झाकणवाल्या हॉपरवर मात्र ती राहिली कारण माल भरायची झाकणं वर असतात आणि माणसाला तिथे जावंच लागतं. १९६७ पासून डब्यांच्या बाजूला रंगीत आडव्या पट्ट्यांचं लेबल आलं, यंत्राने वाचायचं, आणि दहा वर्षांत ती योजना गुंडाळली गेली, एक कारण चक्क हे की लेबलं मळायची आणि यंत्राला वाचता यायची नाहीत. १९७८ मध्ये ठरावीक बनावटीची चाकं तपासायची मोहीम निघाली तेव्हा काळ्या चौकोनात पिवळा ठिपका आला. तेव्हा १९६० च्या गाडीतल्या डब्यावर पिवळा ठिपका दिसला की जाणकार माणूस गालातल्या गालात हसतो.

पूर्ण रंगकाम करणार असाल तर आधी डबा भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, साच्यातून निघताना लागलेलं तेल त्यावर असतं, आणि नंतर अंगाला बोट लावू नका. ॲक्रिलिक दुधाइतका पातळ करा, एअरब्रशचा दाब १५ ते २० पीएसआय, आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर द्या, जाड थरात रिव्हेट बुजतात आणि रिव्हेट बुजले की मग उरलं काय. वाळला की नाही ते नाकाने ओळखायचं, डबा नाकाशी धरला आणि रंगाचा वास आला तर तो वाळलेला नाही, हाताला कितीही कोरडा लागो. मूळ रंगात थोडा पांढरा किंवा फिकट राखाडी मिसळा, कारण लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद दिसतो.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं) चकचकीत थरावरच लावायचे, हा नियम मी एकदाच मोडला. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, डेकलखाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी डाग दिसतो, तो मग निघता निघत नाही. म्हणून आधी ग्लॉस मारा, अक्षरांच्या अगदी जवळून कापा, पाण्यात भिजवा, जागेवर मायक्रो सेटचा (डेकल चिकटायला मदत करणारं द्रव) थेंब टाकून डेकल सरकवा आणि बसला की वरून मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रव) लावा. मायक्रो सोल लावला की डेकल भयंकर सुरकुततो आणि आपला जीव वर येतो, पण त्या वेळी हात मागे घ्यायचा, अजिबात लावायचा नाही, अर्ध्या तासात तो स्वतःच रिव्हेटवर बसतो. बुडबुडा राहिला तर सुईने टोचून परत एक थेंब. शेवटी मॅट थर.

आणि आता मळवणं, जे तुम्हाला खरं हवंय. माझं सगळं म्हणणं एका प्रश्नात आहे, ही घाण इथे आली कुठून? उत्तर देता येत नसेल तर तो डाग लावू नका. खऱ्या डब्याचा फोटो समोर ठेवा, आठवणीतून रंगवू नका, आठवणीत सगळे डबे सारखेच गंजलेले असतात. बॉक्सकारचं टोक बघा, त्यावर बरेचदा दोन उभे काळपट पट्टे असतात, ते शेजारच्या डब्याच्या चाकांनी उडवलेल्या पाण्याचे आणि चिखलाचे, बरोबर रुळांच्या रेषेत. सरकत्या दाराचं बघा, दार उघडं असताना ज्या भागावर येतं तिथे ओरखडे. छत जस्ताच्या पत्र्याचं असेल तर त्यावर रंग टिकत नाही, पापुद्रे निघून खालचा राखाडी पत्रा दिसतो. हे करायला आधी छत राखाडी रंगवायचं, फाटक्या स्पंजाने मास्किंग फ्लुइडचे (वाळल्यावर रबरासारखं सोलून निघणारं द्रव) ठिपके द्यायचे, वरून डब्याचा रंग मारायचा आणि वाळल्यावर बोटाने चोळून ते ठिपके काढायचे. हे काढणं इतकं मजेशीर आहे की मी त्यासाठीच छत करतो असं घरचे म्हणतात.

तुमच्या हॉपरला गंज कमी, ओघळ जास्त. सिमेंट भरत असतील तर वरच्या झाकणांपासून पांढुरके ओघळ खाली येतात, झाकणाजवळ दाट आणि खाली विरत जाणारे. ऑइल पेंटचा मोहरीएवढा ठिपका लावा, पंधरा मिनिटं थांबा, चपटा ब्रश व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि वरून खाली एकदाच ओढा. आडवं कधी नाही, पाणी आडवं वाहत नाही. जास्त झालं तर त्याच ब्रशने पुसता येतं, ऑइल पेंटचा हाच मोठा फायदा, फक्त खाली ॲक्रिलिक मॅट थर पूर्ण वाळलेला हवा.

इथे माझी एक फजिती सांगतो. एका डब्याला डलकोट (एक मॅट वार्निश) मारला होता, आणि त्यावर शाई घातलेल्या अल्कोहोलचा वॉश, म्हणजे पातळ थर, दिला. दहा मिनिटांत अख्खा डबा पांढराफटक, जणू कोणी पीठ उधळलंय. मी तो जवळपास कचऱ्यात टाकला होता. मग कोणीतरी सांगितलं की परत डलकोट मार, मारला, आणि पांढरेपणा गेला. डलकोट आणि अल्कोहोल यांचं जमत नाही, एवढं लक्षात ठेवा. काही जण मुद्दाम हेच करून उन्हाने विटलेला रंग दाखवतात, पण ते जमेल तेव्हा जमेल.

भुकटी सगळ्यात शेवटी, मऊ ब्रशने, खालच्या कडेला आणि ट्रकवर. त्यावर मॅट स्प्रे मारला की निम्मी भुकटी दिसेनाशी होते, म्हणून एकतर हवी त्यापेक्षा जास्त लावा किंवा स्प्रे मारूच नका आणि डबा ट्रकला धरून उचला. स्प्रे बाहेर किंवा खिडकीजवळ, मास्क लावून, आणि पावसाळी दमट हवेत नाही, थर धुरकट होतो.

एक बारीक गोष्ट राहिली. डबा कितीही मळका असला तरी त्याचा नंबर वाचता आला पाहिजे, रेल्वेचं कामच त्यावर चालतं, म्हणून खऱ्या डब्यांवर बरेचदा घाणीत फक्त नंबरापुरता पुसलेला किंवा नव्याने रंगवून परत लिहिलेला चौकोन दिसतो. तुमच्या बॉक्सकारवर सगळं काम झालं की इयरबड किंचित ओला करा आणि नंबरावरून दोनदा फिरवा, कडा अगदी सरळ न ठेवता. आणि दोन्ही डबे एकदम हातात घेऊ नका, आधी बॉक्सकारची चाकं करा, रुळावर ठेवा, शेजारी न रंगवलेला हॉपर उभा करून बघा, फोटो काढून इथे पाठवलात तर छताच्या रंगाचं बघून सांगतो.