सज्जनगडच्या फुलाला गव्हर्नरचं नाव कसं?

प्रश्न : मॅडम, सज्जनगडच्या कड्यावरच्या शिंदळ माकुडीचं शास्त्रीय नाव ‘फ्रेरिया इंडिका’. इंग्रज गव्हर्नरचं नाव आपल्या वनस्पतीला का? ते बदलता येईल का? (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : बार्टल फ्रेर १८६२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला, पण साताऱ्याशी त्याचा संबंध त्याआधीचा. तो इथे रेसिडेंट, म्हणजे राजाच्या दरबारी कंपनी सरकारचा प्रतिनिधी, होता. १८४८ मध्ये छत्रपती अप्पासाहेब महाराज वारले, त्यांचं दत्तक डलहौसीने नामंजूर केलं आणि राज्य खालसा झालं. खालसा करू नये असं फ्रेरचं मत होतं, तरी पुढचा कारभार त्यानेच पाहिला.

नाव दिलं डाल्झेलने. तो होता जंगल खात्याचा अधिकारी. त्या काळी झाडं ओळखणं हे सरकारी कामच होतं : साग कुठे आहे, औषधी काय मिळेल, महसूल किती येईल. महाबळेश्वरला लिंगमळ्यात सिंकोना लावला तोही त्याच्या सालीतलं हिवतापावरचं औषध, कोयनेल, पलटणींना हवं म्हणून. ती लागवड फसली. अशा खात्यातल्या माणसाने नवी वनस्पती गव्हर्नरला अर्पण केली, यात मला नवल वाटत नाही.

विद्यार्थ्यांना गडावर नेलं की मी त्यांना आधी पानं बघायला लावायचे. ही रुईच्या कुळातली. तिच्या जवळच्या भाऊबंदांच्या मांसल फांद्या बोडक्या असतात, हिला मात्र पावसाळ्यात चांगली पानं येतात. फूल चांदणीसारखं, पाच पाकळ्यांचं, गडद तांबूस-जांभळं, त्यावर पिवळे डाग. डाल्झेलने हिच्यासाठी वेगळी प्रजातीच (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) मांडली. त्याची नजर पक्की होती, हे मान्य करायलाच हवं.

पण कड्याखालच्या गुराख्यांना ती आधीपासून ठाऊक होती. त्यांची ओळख शास्त्राच्या वहीत चढली नाही, कारण तिथे लॅटिन नावासह वर्णन छापून यावं लागे, आणि छापखाना, नियतकालिक, वाळवलेल्या नमुन्यांचे संग्रह सगळं राज्यकर्त्यांच्या हाती. मला खुपतं ते हे.

बदलाचं म्हणाल, तर आवडनिवड म्हणून शास्त्रीय नाव बदलता येत नाही. वर्गीकरण बदललं तर मात्र बदलू शकतं. हिचं तसं झालंही : अलीकडे अभ्यासक तिला ‘बाउसेरोसिया फ्रेराय’ म्हणतात. फ्रेर काही सुटला नाही! मराठी नाव मात्र आपल्या हातात आहे. रोपवाटिकेच्या पाटीवर, शाळेच्या तक्त्यावर ‘शिंदळ माकुडी’ आधी लिहा. आणि कड्यावर दिसली तर फोटो काढा, फांदी तोडू नका.