नोटिशीला लेखी उत्तर, मग काकांना तोंडी कशाला?

“मॅडम, माझा स्वभाव अबोल. ग्राहकांना ‘नाही’ म्हणवतच नाही.” समुपदेशनाला येणाऱ्या शिकवणी घेणारे, इंटिरियरची कामं करणारे, दातांचे डॉक्टर, सगळ्यांकडून हे ऐकते. म्हणून सांगलीच्या एका कर सल्लागार मुलीची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीनं, ओळख पुसून.

जीएसटीचं ३बी विवरण, म्हणजे महिन्याच्या व्यवहारांचा आणि कराचा गोषवारा, दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं. तिची एक पार्टी, म्हणजे ग्राहक, हळदीचे अडते, वडिलांचे मित्र. बिलं यायची १९ तारखेला, वर रात्री साडेदहाला फोन, “पोरी, तेवढं बघ की.” एकदा मुदत हुकली, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क हिनं गुपचूप पदरचं भरलं.

“फोन उचलला नसतास तर?” मी विचारलं.

“काका रागावले असते.”

“मग?”

“बाबांना बोलले असते.”

“मग?”

ती बराच वेळ गप्प. अशी शांतता मी मोडत नाही. अबोल माणसाचं खरं काम तिथंच चालू असतं. शेवटी म्हणाली, “मग बाबा मला विचारतील. मी सांगेन... एवढंच.”

‘माझ्यावर कुणीच नाराज होता कामा नये’ हा हुकूम आपणच स्वतःवर सोडलेला असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे असे हट्टी विचार तपासून बघायची, मी वापरते ती याचसाठी. ते स्वतः लाजरे. १९व्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात अनोळखी स्त्रियांशी बोलायचा त्यांनी महिनाभर नेम धरला. नकार मिळाले, आभाळ कोसळलं नाही.

हिला मात्र मी बोलायला लावलं नाही. तेव्हा जे सुचलं त्याचं आजही समाधान वाटतं.

“कर खात्याची नोटीस आली की काय करतेस?”

“मुदतीत लेखी उत्तर देते.”

“हात थरथरतो?”

“छे! कामच आहे ते.”

“मग काकांना तोंडी कशाला?”

तिनं पर्समधून पेन काढलं. ‘बिलं १० तारखेपर्यंत द्यावीत. उशीर झाल्यास विलंब शुल्क आपल्याकडे. संध्याकाळी ७ नंतरच्या निरोपाला दुसऱ्या दिवशी ११ वाजता उत्तर देईन.’ सुरुवातीचं ‘माफ करा’ मी खोडायला लावलं.

अबोल माणसानं ऐन वेळी, फोनवर मर्यादा आखायला जाऊच नये. तिथं मोठा आवाज जिंकतो. काम हाती घेण्याआधी लिहून द्यावं, आणि कारणं देऊ नयेत. प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोड असते.

काकांचं उत्तर आलं, “बरं.” पुढच्या महिन्यात बिलं १४ तारखेला आली, भरदुपारी. दुसरी एक जुनी पार्टी मात्र सोडून गेली. दोन दिवस तिला फार लागलं. तिसऱ्या दिवशी तिनं तोच मजकूर उरलेल्या सगळ्या पार्ट्यांना पाठवला.