पोर्ट बसवायचा म्हणजे आजार वाढलाय का?

"मॅडम, डॉक्टर पोर्ट बसवा म्हणतायत, म्हणजे माझं वाढलंय ना?" केमो सुरू झालेल्या कितीतरी जणांनी मला हे विचारलंय. पोर्ट म्हणजे छातीवर, खांद्याच्या जरा खाली कातडीखाली बसवायची छोटी डबी, तिच्यातून औषध नळीने थेट मोठ्या शिरेत जातं. त्यातल्याच एका ताईंचं सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, काखेतल्या गाठी काढलेल्या, म्हणून त्या हाताला शक्यतो टोचायचं नाही, राहिला डावा. पहिल्याच केमोला शीर सापडेना, चार वेळा टोचलं. बाही वर करून दाखवली, मनगटापासून कोपरापर्यंत हिरवंकाळं. तरी पोर्ट नकोच म्हणत होत्या.

मी पटवायला गेले नाही (पटवायला गेलं की माणूस अजूनच अडून बसतो, हे चुका करून शिकलेय). फक्त विचारलं, किती डोस आहेत? चार लाल औषधाचे, मग बारा आठवडे दर आठवड्याला एक. म्हणजे अजून पंधरा वेळा, आणि हात एकच. त्यात ते लाल औषध शिरेबाहेर झिरपलं तर आतून भाजल्यासारखी जखम होते, डॉक्टर पोर्ट म्हणतात ते यासाठी, स्टेजशी त्याचा काही संबंध नाही. डोस मोजकेच असते, औषध सौम्य असतं, शिरा ठणठणीत असत्या तर मीच म्हटलं असतं, हातावर भागेल का विचारून बघा.

नर्सने नमुन्याचा पोर्ट आणून दिला. मोठ्या नाण्याएवढी डबी आणि तिला बारीक नळी. ताईंनी मधला मऊ पडदा अंगठ्याने दाबून बघितला, "सुई इथे?" हो, डबी कातडीखाली असते, टोचल्याचं कळतं पण शीर शोधत बसायला नको. जखम भरली की आंघोळ नेहमीसारखी, उपचार संपले की डॉक्टर काढून टाकतात. धोकेही सांगितले, इन्फेक्शन, रक्ताची गुठळी, बसवताना क्वचित फुप्फुसाला इजा, आणि ताप १००.४ ला पोचला किंवा मान-हात सुजला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच फोन करायचा. केमो संपल्यावरही पोर्ट ठेवला तर मधूनमधून फ्लश करून, म्हणजे नळी तुंबू नये म्हणून आतून धुऊन घ्यावा लागतो.

सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाल्या, "नात डाव्या खांद्यावर झोपते. ऑपरेशननंतर उजवी बाजू गेली, आता हीपण गेली तर तिला घेऊ कुठे?"

अर्धा तास मी औषधांवर बोलत होते आणि बाईंचं मन कुठे होतं बघा.

म्हटलं, हेच सर्जनना विचारा, जागा थोडी इकडेतिकडे करता येते का, लाजू नका. त्यांनी विचारलं. बसवायच्या दिवशी नेहमीचे कपडे घालून गेल्या, नर्सने आधी ब्राची पट्टी कुठे येते ते मार्करने आखलं, मग ताईंनी स्वतःच बोट ठेवून दाखवलं, डोकं इथे येतं तिचं. सर्जननी डबी त्याच्या जरा खाली आतल्या बाजूला बसवली आणि नातीला पंधरा दिवस खांदा बंद, असं बजावलं. ताईंनी दहाव्या दिवशीच घेतलं, हे मला नंतर नर्सकडून कळलं.