वाचकांचे प्रश्न : रानटी, गावरान आणि सुधारित वाणांची चव

प्रश्न : आमची आजी नेहमी म्हणायची की, रानातल्या वस्तूला जी चव असते ती बाजारातल्या वस्तूला येत नाही. रानटी पिकांत जनुकीय विविधता अधिक असते, असेही वाचनात आले. मग रानटी पीक हे लागवडीच्या पिकापेक्षा चवदार असते, असे समजावे काय? (एक वाचक, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : आपल्या प्रश्नातील अर्धा गुंता 'रान' या शब्दाचा आहे. मराठवाड्यात शेतालाही रानच म्हणतात; 'माणसे रानात गेली' म्हणजे शेतावर गेली. त्यामुळे आजींच्या तोंडची 'रानातली वस्तू' ही बहुधा आपल्याच बांधावरची, घरच्या बियाण्याची, म्हणजे गावरान वस्तू असणार; माणसाने कधीच न पेरलेली रानटी वनस्पती नव्हे. या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्या पाहिजेत.

खऱ्या रानटी पूर्वजांची चव बहुतेक वेळा आपल्या जिभेला सोसत नाही. हिमालयाच्या पायथ्याशी आढळणारी काकडीची रानटी जात लहान आणि अतिशय कडू असते. तिच्यातील कुकुर्बिटासिन नावाचे द्रव्य तिला खाणाऱ्या किडी-जनावरांना दूर ठेवते. काकडीचे देठाकडचे टोक कापून चोळण्याची आपल्या घरची रीत याच द्रव्याच्या कडूपणामुळे पडली आहे. (येथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगून ठेवतो : हेच द्रव्य दुधी भोपळ्यातही असू शकते; तो चाखून कडू लागला तर त्याचा रस कधीही पिऊ नये, त्याने गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे आपल्या देशात घडलेली आहेत.) वांग्याचा रानटी नातेवाईक काटेरी, बियाळ आणि कडवट असतो. रानतुरीच्या शेंगा वाळल्या की तडकतात आणि बारीक, काळपट दाणे मातीत उडून जातात. झाडाच्या दृष्टीने हे सगळे योग्यच आहे, कारण फळ आपल्या जिभेसाठी धरावे असे त्याला कोणतेही कारण नव्हते.

गोडी आली ती माणसाच्या निवडीमुळे. ज्वारी मूळची आफ्रिकेतील. पूर्व सुदानच्या परिसरात ती ५,००० वर्षांपूर्वीच लागवडीखाली येऊ लागली होती. तिच्या काही तपकिरी वाणांत टॅनिन असते, दाणा तुरट लागतो आणि पाखरे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. पाखरांचा उपद्रव मोठा असलेल्या भागांत तेथील शेतकऱ्यांनी हे वाण जाणीवपूर्वक राखले. आपल्याकडे भाकरी करायची, म्हणून पांढरा, मोत्यासारखा दाणा निवडला गेला. हुरड्यासाठी तर त्याहून बारीक निवड झाली. गुळभेंडी, कुचकुची, सुरती हे वाण आगटीत भाजून तळहातावर चोळले की दाणा तुसातून अलगद सुटतो, आणि तो कोवळा असताना त्यात साखर भरपूर असते. पुढे दाणा पक्व होत जातो तशी त्या साखरेची पिष्टमय पदार्थात रूपांतर होण्याची क्रिया पूर्ण होते, म्हणून हुरड्याचे दिवस थोडेच असतात. ही पारख कोणा प्रयोगशाळेने केलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या आगटीभोवती बसून, कणीस चाखून, 'याचे बी ठेवा' असे सांगणाऱ्या बायाबापड्यांनी ती केली आहे, आणि मी तिला कोणत्याही शास्त्रीय निवडीइतकाच मान देतो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली तांबडी मिलो ज्यांनी खाल्ली, त्यांना हा मुद्दा अधिक समजावून सांगावा लागणार नाही. तीही ज्वारीच होती, परंतु ती जनावरांच्या खाद्यासाठी वाढवलेली होती, भाकरी खाणाऱ्याने निवडलेली नव्हती.

प्रश्न : मग विविधता कमी झाल्यामुळेच हल्लीचा टोमॅटो बेचव झाला, हे म्हणणे चूक आहे का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : पूर्ण चूक नाही, पण त्यात दोन वेगवेगळ्या घटना एकत्र केल्या जातात. पहिली घटना जुनी आहे. माणूस रानटी झाडांतून थोडीच रोपे निवडतो आणि पुढे त्यांचेच बी चालते. टोमॅटो दक्षिण अमेरिकेतून मेक्सिकोत, तेथून सोळाव्या शतकात युरोपात आणि मग आपल्याकडे आला, तो प्रत्येक टप्प्यावर मूठभर बियांच्या रूपाने. परिणामी लागवडीच्या टोमॅटोत त्याच्या रानटी नातेवाइकांच्या तुलनेत पाच टक्क्यांहूनही कमी जनुकीय विविधता उरली, असा अंदाज संशोधकांनी मांडलेला आहे. एवढे होऊनही जुने गावठी टोमॅटो चवदार राहिले, कारण ते खाणाऱ्यानेच निवडले होते.

दुसरी घटना गेल्या शतकातली. फळ मोठे हवे, दूरच्या बाजारापर्यंत टिकले पाहिजे, सगळे एकाच वेळी सारखे लाल झाले पाहिजे, या कसोट्यांवर निवड होऊ लागली आणि चव ही कसोटीच राहिली नाही. देठाजवळ गर्द हिरवा पट्टा नसलेली, एकसारखी फिकट हिरवी फळे काढणीला सोयीची, म्हणून तो गुण जवळजवळ सर्वत्र आणला गेला. २०१२ मध्ये असे उघड झाले की, हा गुण एका बिघडलेल्या जनुकामुळे येतो आणि तोच बिघाड फळातील साखरही घटवतो. २०१७ मध्ये सुमारे ४०० वाणांच्या अभ्यासातून आधुनिक टोमॅटोत स्वादाशी निगडित अशी १३ द्रव्ये घटल्याचे दाखवण्यात आले. ही हानी अटळ नव्हती. जे मोजले नाही ते हातून गेले, इतकाच याचा अर्थ आहे.

यावर उपाय मात्र कधी कधी दुर्लक्षित रानटी फळातच सापडतो, हे मला फार विलक्षण वाटते. १९६२ मध्ये ह्यू इल्टिस आणि डोनाल्ड उगेंट हे वनस्पतिशास्त्रज्ञ पेरूमध्ये रानटी बटाट्याच्या शोधात फिरत असताना त्यांना एक बारीक, हिरवट फळांचा टोमॅटो दिसला. ते फळ पाहून कोणी बाजारातून विकत घेतले नसते. त्यांनी बी कॅलिफोर्नियातील चार्ल्स रिक यांच्याकडे पाठवले, आणि रिक यांनी संकर करून पाहिले तेव्हा लागवडीच्या टोमॅटोत साखर व इतर विद्राव्य घटक लक्षणीय वाढले. म्हणजे गोडी वाढवणारी जनुके त्या झाडात होती, परंतु त्याच्या बारीक, हिरवट फळाकडे पाहून ते कळत नव्हते. रानटी वाणाचे मोल त्याचे फळ पाहून ठरवता येत नाही, ते यामुळेच.

प्रश्न : आम्ही भेंडी लावतो. रानभेंडी कोणी खात नाही, मग ती सांभाळून शेतकऱ्याला काय मिळणार? (एक शेतकरी, ता. जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण देतो. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडण्याचा जो केवडा रोग पांढरी माशी पसरवते, त्याने पुसा सावनी हा एके काळचा लाडका वाण हतबल झाला होता. परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याचा संकर भेंडीच्या एका दूरच्या नातेवाईक जातीशी केला, आलेली रोपे पुन्हा पुसा सावनीशी संकरित केली आणि पिढ्यांमागून पिढ्या निवड करून १९८५ च्या सुमारास 'परभणी क्रांती' हा वाण दिला. रोगाशी झुंजण्याचे बळ दूरच्या नातेवाइकाचे आणि फळ मात्र ताटात वाढण्याजोगे, असा तो मेळ होता. पुढे काही ठिकाणी ही प्रतिकारशक्तीही कमी पडू लागली. रोग स्थिर राहत नाही, म्हणून एकदा उपयोग झाला की रानटी नातेवाइकांचे काम संपले, असे होत नाही. वांग्याची, तुरीची आणि तिळाची रानटी भावंडे तर आपल्याच देशात आहेत. माळरान सपाट करताना, बांध पेटवताना ती आधी जातात.

प्रश्न : बालाघाटातील सीताफळ रानटी समजावे का? (एक वाचक, धारूर, जि. बीड)

उत्तर : नाही. सीताफळ मूळचे अमेरिका खंडातील. ते आपल्या डोंगरांत रुजून मोकळे वाढले आहे. ते बियांपासून उगवल्यामुळे झाडागणिक चव निराळी लागते, तर कलमी बागेतील झाडे एकमेकांची तंतोतंत प्रतिकृती असतात. चवीतील विविधता डोळ्यांना दिसावी, अशी जागा हवी असेल तर आपला डोंगरच पाहावा.

प्रश्न : घरी गुळभेंडीचे बी आहे. ते कसे राखावे? सर्वांत मोठ्या कणसाचेच धरावे का? (एक शेतकरी महिला, ता. अंबाजोगाई, जि. बीड)

उत्तर : एकाच मोठ्या कणसाचे धरू नये. त्याने दोन-चार पिढ्यांत वाण आपल्या हातानेच अरुंद होतो. ज्वारीत स्वपरागण अधिक होते, तरी काही प्रमाणात शेजारचा पराग येतोच, म्हणून दुसऱ्या ज्वारीच्या कडेची ताटे सोडून पट्ट्याच्या मधली घ्यावीत. शक्य असल्यास फुलोऱ्यापूर्वी कणसांवर कागदी पिशव्या चढवाव्यात. उंची, कणसाचा आकार, येण्याचा काळ यांत थोडाफार फरक असलेली, निरोगी अशी निदान पन्नास-साठ कणसे निवडावीत. चवीची पारखही विसरू नये : हुरड्याच्या दिवसांत ज्या ताटांच्या फुटव्यांवरची कणसे चाखून गोड लागली त्यांना रंगीत दोरा बांधून ठेवावा आणि त्यांचे मुख्य कणीस पूर्ण पिकू द्यावे. बी चांगले वाळवून, राख मिसळून, हवाबंद डब्यात ठेवावे. त्यातील ओंजळभर शेजारच्या गावी आपल्या विश्वासातील घरी पेरायला द्यावे. एखाद्या वर्षी आपले पीक हातचे गेले, तर वाण तेथून परत आणता येईल.