हजेरी कमी पडली, परीक्षेला बसण्याची विशेष परवानगी कशी मागायची?

तुमच्या प्रश्नावरून एवढं समजलं: इंदूरच्या एका संलग्न कॉलेजात बीएस्सीचं तिसरं वर्ष, वडिलांच्या आजारपणात हजेरी 61 टक्क्यांवर आली, आणि अपात्र विद्यार्थ्यांच्या यादीत तुमचं नाव लागलं. विद्यापीठात मामांच्या ओळखीचं कोणी आहे, तर आधी त्यांना भेटावं की अर्ज द्यावा, असं तुम्ही विचारलं आहे.

अर्ज द्या, आणि उद्यावर ढकलू नका. मी इथल्याच एका कॉलेजच्या कार्यालयात विद्यार्थी शाखा आणि परीक्षेचं काम करून निवृत्त झालो. असे अर्ज मंजूर होताना पाहिले, तसे पडून राहतानाही पाहिले. चांगल्या, खऱ्या अडचणीतल्या मुलांचे अर्ज केवळ नीट न लिहिल्यामुळे अडकतात, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलांना वाटतं की प्राचार्य अर्ज वाचतात, त्यांना दया आली तर सही करतात. प्रत्यक्षात अर्ज आवक शाखेत जातो, त्यावर क्रमांक पडतो आणि तो संबंधित बाबूच्या टेबलावर येतो. बाबू नोटशीट लिहितो. विद्यार्थ्याची मागणी काय, ती कोणत्या नियमात बसते, मंजुरीचा अधिकार कोणाचा, पुरावे कोणते जोडलेत, पूर्वी अशी सूट कोणाला दिली होती का. साहेबांसमोर उघडते ती ही नोटशीट. तुमचं पत्र तिच्याखाली टॅगमध्ये ओवलेलं असतं, बरेचदा ते उलटूनही पाहिलं जात नाही. अर्जात नुसतं ‘महोदय, सविनय निवेदन है’ आणि मग दीड पान घरची परिस्थिती असेल, तर बाबूने नोटशीटवर लिहायचं काय? तो दोन ओळी लिहितो, वरून शेरा येतो ‘चर्चा करें’ किंवा ‘नियमानुसार कार्यवाही करें’, आणि फाइल पुन्हा त्याच टेबलावर. नियम कोणता ते कोणीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे ती तिथेच थांबते. परीक्षा तोंडावर असताना असा एक फेरा म्हणजे वर्ष गेलं.

तेव्हा अर्ज असा लिहा की बाबूला तो जसाच्या तसा नोटशीटवर उतरवता यावा. माझ्या पाहण्यातला एक अर्ज सांगतो. बीकॉमच्या एका मुलीच्या आईचं एमवायमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, डायलिसिस चालू होतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. घरात दुसरं कोणी नेणारं नव्हतं. तिचा अर्ज जेमतेम अर्ध्या पानाचा होता. वर विषयाच्या ओळीत अध्यादेशाचा, म्हणजे विद्यापीठाच्या नियमावलीचा, क्रमांक आणि कंडिका (कलम). खाली पेनाने आखलेला तक्ता: गैरहजेरीची तारीख, वार, कारण, आणि सोबतच्या कागदाचा क्रमांक. मागे डायलिसिसच्या कार्डाची झेरॉक्स, प्रत्येक तारखेसमोर दवाखान्याचा शिक्का. मी रजिस्टर काढून ताडून पाहिलं. गैरहजेऱ्या त्या दोन वारांच्याच होत्या, बाकीचे चार दिवस मुलगी न चुकता वर्गात. ही गोष्ट तिने शेवटी एका वाक्यात स्वतःच लिहिली होती. नोटशीट लिहायला मला फार वेळ लागला नाही आणि प्राचार्यांनी तिला बोलावून न घेता सही केली.

तिची अडचण फार मोठी होती म्हणून हे झालं, असं समजू नका. त्याहून मोठ्या अडचणीतली मुलं परत गेलेली आहेत. तिच्या कागदावर सही करणाऱ्याला काही शोधावं लागलं नाही, एवढंच.

तुमच्याबाबतीत पहिलं काम म्हणजे 61 हा आकडा तपासणं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2003 च्या नियमांत पदवीच्या परीक्षेसाठी हजेरी साधारणपणे 75 टक्क्यांपेक्षा कमी नसावी असं होतं, आणि नेमकी अट प्रत्येक विद्यापीठ आपल्या अध्यादेशात घालतं. 61 टक्के सगळ्या विषयांचे मिळून आहेत की एखाद्या विषयाचे, हे विचारा. विषयवार हजेरी लेखी मागा. एनसीसीचा कॅम्प, एनएसएसचं शिबिर, विद्यापीठाच्या संघातून खेळायला गेलेले दिवस, हे प्रमाणपत्र दिल्यावर धरले जातात का ते पाहा. प्रवेश उशिरा झाला असेल तर मोजणी कोणत्या तारखेपासून केली आहे? प्रॅक्टिकलची हजेरी लॅबच्या वेगळ्या रजिस्टरात असते आणि ती मुख्य यादीत चढवायची राहून जाते, हे विज्ञान शाखेत नेहमीचं आहे. पुष्कळदा फरक इथेच निम्मा होतो आणि मग मागायची सूटही लहान होते.

त्यानंतर अध्यादेश उघडा. विद्यापीठाच्या वेबसाइटवर असतो, नाहीतर कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा कार्यालयात पाहायला मागा. त्यात दोन गोष्टी शोधायच्या: जास्तीत जास्त किती टक्के सूट देता येते, आणि ती कोण देऊ शकतो. थोडी सूट प्राचार्यांच्या हातात, त्याहून जास्त असेल तर कुलगुरूंच्या, अशी उतरंड साधारणपणे असते. ज्याला अधिकारच नाही त्याच्या नावाने अर्ज केला तर तो कितीही भला माणूस असला तरी काही करू शकत नाही. मागणी कुलगुरूंच्या अधिकारातली असेल तरी अर्ज प्राचार्यांमार्फतच पाठवा आणि त्यांची शिफारस त्यावर घ्या. थेट आरएनटी मार्गावर नालंदा परिसरात, विद्यापीठाच्या कार्यालयात, जाऊन दिलेला अर्ज अभिप्रायासाठी कॉलेजकडेच परत येतो, आणि मधले दिवस तुमचे जातात.

कागदांबद्दल एकच सांगतो, पण ते मनावर घ्या. आजारपण संपल्यावर, यादी लागल्यानंतरच्या तारखेचं, एका ओळीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट कोणी खरं मानत नाही. खरं असलं तरी मानत नाही. डिस्चार्ज कार्ड, ओपीडीची चिठ्ठी, तपासणीचे रिपोर्ट, औषधांची बिलं, ज्यावर त्या त्या दिवशीची तारीख आपोआप पडलेली असते, ते लावा. आजारी वडील आहेत, तुम्ही नाही. तेव्हा त्यांच्याजवळ तुम्हीच का थांबायला हवं होतं, हेही एका वाक्यात आलं पाहिजे.

मागणी दोन पायऱ्यांत करा. पहिली, सूट देऊन परीक्षेला बसू द्यावं. ते नियमात बसत नसेल तर दुसरी: जादा तास किंवा असाइनमेंट घेऊन कमतरता भरून घ्यावी, किंवा विशेष परीक्षा वा एटीकेटीच्या परीक्षेच्या वेळी बसू द्यावं, अध्यादेशात जी वाट असेल ती. एकच मागणी असली की सही करणाऱ्यापुढे हो किंवा नाही एवढंच उरतं, आणि शंका असली की माणूस ‘नाही’ लिहितो. दुसरी वाट तुम्हीच दाखवली तर निदान वर्ष वाचण्याचा रस्ता उघडा राहतो.

आता मामांच्या ओळखीबद्दल. आपल्याकडे रामबागेतून सुदामानगरपर्यंत कोणाचं ना कोणी ओळखीचं निघतंच, आणि त्यात गैर काही नाही. त्यांच्याकडून एवढंच करून घ्या: फाइल आज कोणत्या टेबलावर आहे आणि कोणता कागद कमी आहे, हे विचारून घ्या. सही त्यांना मागू नका. नियमाबाहेर सूट दिली की त्याच यादीतला दुसरा मुलगा माहितीच्या अधिकारात विचारतो, याला का आणि मला का नाही. हे सही करणाऱ्याला पक्कं माहीत असतं. नियमात बसणाऱ्या कामाला ओळखीची गरज नसते आणि न बसणाऱ्या कामाला ओळख पुरत नाही.

हा धागा इतरही मुलं वाचतील म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. कितीतरी जण हक्काच्या गोष्टीसुद्धा मेहेरबानी म्हणून मागतात. दिव्यांग विद्यार्थ्याला लेखनिक आणि तासामागे किमान 20 मिनिटं जादा वेळ ही केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतली तरतूद आहे. अपंगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी आहे एवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2021 चा निकाल आहे. पीएचडी करणाऱ्या महिलांना बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा यूजीसीच्या नियमांतच आहे. पदवी आणि पदव्युत्तरच्या मुलींसाठीही हजेरीत सवलतीचे नियम करा, असं यूजीसीने 2021 मध्ये विद्यापीठांना कळवलं आहे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, हे 2011 मध्येच ठरलं आहे. अशा ठिकाणी ‘कृपया विचार व्हावा’ असं न लिहिता ‘या नियमानुसार मला मिळावं’ असं स्वच्छ लिहा. त्यात उद्धटपणा काही नाही, उलट बाबूचं काम सोपं होतं.

नकार आलाच तर तो लेखी मागा, कारणासह. मग कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे या समितीने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्या निर्णयावर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. सीएम हेल्पलाइनचा 181 क्रमांक आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण तो सगळ्यात आधी फिरवू नका. तक्रार गेली की कॉलेज उत्तर तयार करण्याच्या मागे लागतं आणि तुमचा मूळ अर्ज बाजूला राहतो. लेखी अर्जाला उत्तरच मिळालं नाही, तर मात्र जरूर करा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक देऊन दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा, साहेबांना देतो’ असं कोणी म्हटलं तरी शिक्का घेतल्याशिवाय निघू नका, आणि तिसऱ्या दिवशी तोच क्रमांक सांगून चौकशी करा.

आणि परीक्षेचा फॉर्म. एमपी ऑनलाइनवर (फॉर्म भरायच्या पोर्टलवर) तुमचा फॉर्म उघडत असेल तर परवानगीची वाट न पाहता भरून टाका, विलंब शुल्क लागलं तरी. उघडत नसेल तर त्याच अर्जात एक ओळ वाढवा: निर्णय होईपर्यंत माझा फॉर्म तात्पुरता स्वीकारावा. परवानगी हातात आली पण फॉर्मची तारीख निघून गेली, असं झालं तर तुम्हाला दुसऱ्या सवलतीसाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागेल.