चिऊ, त्या नमस्काराबद्दल

प्रिय चिऊ,

परवा इथं अमेरिकेत, आपल्या चॅटनूगाच्या वॉलनट स्ट्रीट पुलावर मी नदीला हात जोडले, तेव्हा तू विचारलंस, "बाबा, ही टेनेसी. ही आपली नदी नाही, मग हिला हात कशाला जोडतोस? आणि पंचगंगेला तर सगळेच हात जोडतात, तरी ती एवढी घाण का?" मी आईस्क्रीमचा विषय काढला. तेव्हापासून सलतंय, म्हणून लिहितोय.

ही सवय आज्जीची. इचलकरंजीहून एसटीनं नरसोबाच्या वाडीला जाताना पूल आला की ती माझ्या मुठीत दहा पैसे कोंबायची. ते खिडकीतून टाकायचे आणि हात जोडायचे. तांब्याच्या नाण्यानं पाणी शुद्ध होतं, असं मी तुला ऐकवू शकलो असतो. पण आमची नाणी अॅल्युमिनियमची होती गं. मला आठवतो तो तिचा हात. दिवसभर कांड्या भरल्यामुळे त्याला सुताच्या खळीचा वास यायचा. घरामागेच बापूआजोबांचे चार माग. रात्री लाईट गेली आणि माग थांबले, की त्या शांततेनं मला जाग यायची. त्याच मागांचं कापड प्रोसेसला, म्हणजे रंगवायच्या कारखान्यात, जायचं आणि तिथलं रंगाचं पाणी नदीत. आमचं पोट त्यावर भरलं. आज्जीला ते दिसत नसेल का? मी तिला कधी विचारलं नाही.

आपलं चॅटनूगाही असंच होतं. तिकडे माग, इथं लोखंडाच्या फौंड्र्या. डोंगरांमधल्या खोलगटात धूर अडकून राहायचा. १९६९ मध्ये सरकारी अहवालात हे देशातलं सगळ्यात घाण हवेचं शहर ठरलं. मग कायदे कडक झाले, कारखान्यांना धूर आवरावा लागला. कितीतरी पुढे बंदही पडले, त्या घरांचं काय झालं असेल हेही माझ्या मनात येतं. आपला पूल १८९१ चा. १९७८ मध्ये तो बंद केला, पाडायचंही घाटत होतं. लोकांनी वाचवला आणि १९९३ पासून तो चालणाऱ्यांचा झाला. यातलं काहीच नदीला हात जोडून झालं नाही. मला ते बोचतं.

आणि "आपली" म्हणशील, तर जवळच्याच रॉस लँडिंग या धक्क्यावरून १८३८ मध्ये इथल्या मूळच्या चेरोकी लोकांना त्यांच्याच भूमीतून हाकललं. याच पुलावर १९०६ मध्ये जमावानं एड जॉन्सन या कृष्णवर्णीय माणसाला ठार मारलं. त्याचं स्मारक आपण वाचलंय. त्या दिवशी तू माझं बोट घट्ट धरलं होतंस. हे सगळं माहीत असूनही माझे हात जोडले जातात. पूल आला की आज्जीची मूठ माझ्या मुठीवर येते, एवढंच मला सांगता येतं.

तू हात जोडलेच पाहिजेत असं नाही. खरंच नाही. पण उन्हाळ्यात इचलकरंजीला गेलो की आपण घाटावर जाऊ. मोठेकाकांनाही बोलावू, ते अजून प्रोसेस चालवतात. तुझा प्रश्न तिथं त्यांच्यासमोर पुन्हा विचार. मी विषय बदलणार नाही.

तुझा,
बाबा