‘अनुकूल जाळी’ की ‘अनुकूली जाळी’?

प्रश्न असा आहे: भूजलावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘ॲडॅप्टिव्ह मेश’ला ‘अनुकूल जाळी’ आणि ‘फ्रॅक्चर्ड पोरस रॉक’ला ‘तुटलेला सच्छिद्र खडक’ म्हटलं तर चालेल का?

‘अनुकूल’ नको. आपल्याकडे हवामान अनुकूल असतं, ग्रह अनुकूल असतात. म्हणजे ते आपल्या सोयीचे असतात, त्यासाठी त्यांना बदलावं लागत नाही. इथे बदलते ती जाळीच. जमिनीखालचं पाणी कसं वाहतं याचं संगणकावर गणित करताना खडकाचे चौकोन पाडून (हीच ती जाळी) प्रत्येकातला पाण्याचा दाब काढायचा, ही मूळ रीत. पण भेग असते मिलिमीटरभर आणि खडक किलोमीटरभर. एक किलोमीटर लांब-रुंद सपाट छेदावर सरसकट मिलिमीटरचे चौकोन पाडले तर ते होतात १ लाख कोटी! म्हणून आधी जाड जाळी घेऊन गणित करायचं, चूक कुठे जास्त असावी याचा अंदाज घ्यायचा, तेवढ्याच जागी चौकोन बारीक करायचे आणि पुन्हा गणित. प्रवाहाचा जोर दुसरीकडे सरकला की जुन्या जागचे चौकोन परत मोठे करता येतात. मार्शा बर्गर आणि जोसेफ ऑलिगर या संगणकशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये जाड जाळीवर हव्या त्या जागी बारीक जाळीचे तुकडे बसवण्याची पद्धत मांडली. तिचा उगम खडकांच्या अभ्यासात नव्हता, पण कल्पना हीच.

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांमुळे ‘अनुकूलन’ सगळ्यांच्या ओळखीचं आहे. तेव्हा ‘अनुकूली जाळी’ म्हणा. ‘अनुकूलनशील’ही बरोबर आहे, फक्त पानभर वापरताना जीभ थकते. पहिल्या उल्लेखात ‘गरजेप्रमाणे बारीक होणारी जाळी’ असं उलगडून लिहिलंत तर उत्तम. (गंमत म्हणजे ‘कूल’ म्हणजे काठ, त्यामुळे पाण्याशी या शब्दाचं नातं मुळातच आहे.)

‘तुटलेला’ म्हटलं की खडकाचे तुकडे विखुरलेले डोळ्यांसमोर येतात. खडक जागच्या जागी आहे, त्याला भेगा आहेत; म्हणून ‘भेगाळलेला’. ‘तडा’ मी टाळेन, कारण तडा नुसता रेघेसारखाही असू शकतो आणि इथे भेगेच्या रुंदीलाच महत्त्व आहे. गुळगुळीत, समांतर भिंतींच्या भेगेची रुंदी दुप्पट झाली की तितक्याच दाब-उतारावर (म्हणजे दर मीटरला दाब तितकाच घटत असताना) पाणी आठपट वाहतं.

‘सच्छिद्र’ ठेवा, पण त्याचा अर्थ ‘पाणी जाऊ देणारा’ असा करू नका. दख्खनच्या काही बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांची भोकं भरपूर दिसतात, पण ती अनेकदा एकमेकांना जोडलेली नसतात, कित्येक तर झिओलाइट या खनिजाने बुजलेली असतात. अशा खडकात पाणी खेळतं ते मुख्यतः सांध्या-भेगांतून. पाणी जाऊ देण्याच्या या दुसऱ्या गुणासाठी ‘पार्यता’ किंवा ‘पारगम्यता’ हे शब्द आहेत. मी ‘पारगम्यता’ घेईन, कारण ‘पार्यता’ विद्युतचुंबकशास्त्रातही वापरतात आणि संगणकीय लेखात दोन्ही विषय शेजारी येऊ शकतात.